कृपया मनातल्या मनात किंचाळा

२०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, जपानच्या फुजी-क्यू हायलँड या मनोरंजन पार्कने एक व्हिडिओ काढला. सूट घातलेले, तोंडाला मास्क लावलेले दोन अधिकारी फुजियामा या रोलर कोस्टरवर बसले आहेत. हा कोस्टर ७९ मीटर उंच, गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाने खाली झेपावते. पण दोघंही हूं की चूं करत नाहीत. एक जण तर मध्येच केस सारखे करतो. शेवटी पडद्यावर विनंती येते: कृपया मनातल्या मनात किंचाळा.

जगभर लोकांना याचं हसू आलं, पण विनंती अगदी रास्त होती. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू जवळ येतात, दूर होतात आणि त्यांच्यावरचा ओलसर पापुद्रा फुटून डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर पडतात. २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधीच, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की आवाज जितका चढतो तितके हे कण वाढतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅगिट व्हॅलीत एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर होते ६१ जण. त्यांच्यापैकी ५३ जण कोरोनाने आजारी पडले, दोघे दगावले. बंद खोली, मोकळा गळा आणि भरपूर वेळ, एवढं पुरेसं ठरलं.

म्हणून माझ्या मते पार्कमध्ये खरी काळजी करायची ती कोस्टरची नाही. तो उघड्यावर असतो, दोन-चार मिनिटांत संपतो आणि वारा कण उधळून लावतो. काळजी करायची ती रांगेची. नागमोडी रांगेत प्रत्येक वळणावर तोच माणूस पुन्हा आपल्या शेजारून जातो, तासभर. त्यात ती रांग छताखाली असली, हवा खेळती नसली, तर तिथली हवा सगळ्यांची सामाईक होते. आधी वेळ ठरवून देणं, लोक कमी घेणं हे उपाय म्हणूनच मोलाचे. शांघाय डिस्नीलँड ११ मे २०२० रोजी उघडलं तेव्हा सरकारने क्षमतेच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. पार्कने त्याहूनही कमी लोक घेतले.

दारावर कपाळाला रोखलेल्या तापमापकाचा उपयोग मात्र बेताचाच. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस विषाणू पसरवू लागतो, तेव्हा त्याला ताप नसतो. सीटचे दांडे सतत पुसत राहण्यापेक्षा तेच कष्ट खिडक्या आणि पंख्यांवर घेतले असते तर बरं झालं असतं.

आणि पार्कच्या भिंतीबाहेर काय चाललंय, हे तर पार्कच्या हातातच नसतं. हाँगकाँग डिस्नीलँड १८ जूनला उघडलं. शहरात रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि १५ जुलैला, महिनाही पुरा व्हायच्या आत, दारं परत बंद झाली.