नोकरीतली वयाची अट: कुठून आली, कशी बदलत गेली

‘वय ३५ पेक्षा कमी असावे.’ नोकरीच्या जाहिरातीतली ही ओळ इतकी सरावाची झाली आहे की ती कुणीतरी, कधीतरी, काही हिशेब मांडून घातली असेल हे वाचताना डोक्यातही येत नाही. पण तसा हिशेब होता आणि तो नोंदलेलाही आहे. चाळिशीनंतर नोकरीत कशाकशाला तोंड द्यावे लागेल याची तयारी करायची, तर तो माहीत असायला हवा. वयभेदाने दर पिढीत रूप बदलले आहे आणि आधीच्या पिढीची तयारी पुढच्या पिढीला क्वचितच पुरली आहे.

शेतीत आणि कारागिरीत माणूस अंग चालेपर्यंत काम करायचा. नजर कमी झाली की बारीक काम धाकट्यांकडे जायचे, देखरेख थोरल्यांकडे राहायची. ते दिवस सुखाचे होते असे मुळीच नाही, पण काम सुटण्याची ठरलेली तारीख नव्हती. कारखाने आले आणि कामाचा वेग यंत्र ठरवू लागले. त्या वेगाला जो पुरत नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने १८८९ मध्ये वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचा कायदा केला. त्यात पेन्शनचे वय ७० होते. ६५ हा आकडा बिस्मार्कने स्वतःच्या वयावरून ठरवला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. कायदा झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता आणि मर्यादा ६५ वर आली ती १९१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. अमेरिकेने १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ हेच वय धरले. कारभाराच्या सोयीसाठी ठरवलेला आकडा पुढे लोकांना निसर्गनियमासारखा वाटू लागला.

निवृत्तीच्या वयावर बरेच बोलले जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती भरतीच्या वयाची अट. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने १९०० मध्ये पेन्शन योजना सुरू केली. त्याच योजनेत दोन गोष्टी होत्या: सत्तराव्या वर्षी सक्तीची निवृत्ती आणि पस्तिशी ओलांडलेल्यांना नव्याने न घेणे. उशिरा आलेला माणूस कमी वर्षे राबणार आणि तरी पेन्शनचा बोजा होणार, असे हे गणित होते. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. म्हणजे म्हातारपणी आधार देणाऱ्या सोयीनेच मध्यमवयीन माणसासाठी फाटक बंद केले. त्याला काम जमते की नाही, हे कुणी तपासलेच नव्हते.

या हिशेबाला शास्त्राचा आधार असल्यासारखेही लवकरच वाटू लागले. २२ फेब्रुवारी १९०५ रोजी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा निरोप घेताना विल्यम ऑस्लर या त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी एक भाषण केले. जगातले मोलाचे काम चाळिशीच्या आत होते, चाळिशीपुढची माणसे त्या मानाने निरुपयोगी आणि साठीनंतर त्यांनी काम थांबवावे हे बरे, असा त्याचा सूर होता. त्यांनी एका जुन्या कादंबरीचा आधार घेत वयस्कांना क्लोरोफॉर्म देऊन शांतपणे मरण देण्याच्या कल्पनेचाही थट्टेने उल्लेख केला. वर्तमानपत्रांनी ती थट्टा खरी धरून देशभर गदारोळ उठवला. ऑस्लर स्वतः तेव्हा ५५ वर्षांचे होते. गदारोळ विरला, पण ‘चाळिशीनंतर माणूस उतरणीला लागतो’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडचे म्हणून टिकले.

त्या काळातल्या कामगारांची तयारी एकच होती: वय लपवणे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत मोटार कारखान्यांच्या फाटकाशी उभे राहण्याआधी माणसे केस काळे करत. संघटित कामगारांनी त्याला उत्तर दिले ते सेवाज्येष्ठतेचे. कपात करायची तर शेवटी आलेल्याला आधी कमी करा, मर्जीप्रमाणे नको. १९३६-३७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या मोटार कारखान्यांत झालेल्या ठिय्या संपामागच्या मागण्यांत हीही होती. आत असलेल्या जुन्या कामगाराला तिने खरोखर तारले. बाहेर पडलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला मात्र तिचा काही उपयोग नव्हता. नव्या ठिकाणी तो पुन्हा रांगेच्या शेवटी. हा पेच आजही सुटलेला नाही. म्हणूनच चाळिशीनंतर स्वतःहून राजीनामा देण्याआधी दहा वेळा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

कायद्याच्या नजरेत वय खूप उशिरा आले. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या कराराने वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय आणि सामाजिक मूळ ही कारणे नावाने नोंदवली. वय त्यात नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातूनही ते वगळले गेले. त्याऐवजी श्रममंत्र्यांनी अभ्यास करावा असे ठरले. विलर्ड वर्ट्झ यांचा तो अहवाल १९६५ मध्ये आला. खासगी क्षेत्रातल्या सुमारे निम्म्या जागा ५५ वरच्यांना आणि चौथा हिस्सा ४५ वरच्यांना सरळसरळ बंद आहेत, असे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे होते. वयस्कांबद्दल कुणाला द्वेष नसतो. ‘यांना हे झेपणार नाही’ हा तपासून न पाहिलेला समज असतो. द्वेष निदान ओळखू तरी येतो. हा समज मात्र आपुलकीच्या भाषेतही बोलतो: ‘आता कशाला धावपळ करता?’ ‘हे काम तुमच्या अनुभवाच्या मानाने लहान आहे.’ ‘टीम सगळी तरुण आहे, तुम्हाला रुळायला जड जाईल.’

या अहवालानंतर १५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वयभेदविरोधी कायद्यावर सही केली. त्याने ४० ते ६५ या वयाला संरक्षण दिले आणि जाहिरातीत वयाची अट छापण्यावर बंदी आणली. वरची मर्यादा १९७८ मध्ये ७० झाली आणि १९८६ मध्ये ती बहुतेक नोकऱ्यांतून गेलीच. युरोपीय संघाने २००० मध्ये वयासह भेदभावाविरुद्धचा निर्देश काढला. ब्रिटनमध्ये तो २००६ मध्ये अमलात आला आणि तिथली ६५ व्या वर्षी सक्तीने निवृत्त करण्याची मुभा २०११ मध्ये गेली.

बायकांच्या वाट्याला हे सगळे आणखी लवकर येते आणि विमानकंपन्यांचा इतिहास त्याचा धडधडीत पुरावा आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९५३ मध्ये हवाईसुंदरींसाठी ३२ वर्षांची वयोमर्यादा आणली. ३२! ती उठवायला १९६८ साल उजाडले. भारतात एअर इंडियाच्या नियमांत हवाईसुंदरीने पस्तिशीला निवृत्त व्हायचे होते. नोकरीला चार वर्षे होण्याआधी लग्न केले तर, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली तर, त्याही आधी. मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ पर्यंत राहू शकत. नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि मुदतवाढीतला मर्जीचा कारभार रद्द केला, पण लग्नाची अट तशीच ठेवली.

दरवाजावरची पाटी उतरली, पण आतले वागणे बदलले नाही. १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांत कपातीची लाट आली आणि जास्त पगाराची जुनी माणसे ‘स्वेच्छेने’ बाहेर पडू लागली. हातात जाडजूड करारपत्र, ‘आजच सही करा’ असा आग्रह आणि सही केली की दावा करण्याचा हक्क गेला. म्हणून १९९० मध्ये अमेरिकेने कायद्यात भर घातली. असा हक्क सोडायला लावायचा तर ४० वरच्या कर्मचाऱ्याला विचारासाठी २१ दिवस द्यायचे, सामूहिक कपातीत ४५ दिवस आणि सही केल्यावरही ती मागे घ्यायला सात दिवस. सामूहिक कपातीत कोणत्या पदांवरची, किती वयाची माणसे निवडली आणि कोणती ठेवली याची यादीही द्यायची. या यादीचे मोल फार मोठे आहे, कारण एकट्याला आलेले पत्र काहीच सांगत नाही, यादी सांगते. असा कायदा जिथे नाही तिथेही ‘वाचायला वेळ हवा’ हे लेखी मागता येते आणि मागावेच.

पुरावा देणे मात्र पुढे कठीणच झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ग्रॉस खटल्यात ठरवले की वय हे अनेक कारणांपैकी एक होते एवढे दाखवून भागत नाही. वय आड आले नसते तर हा निर्णय झालाच नसता, हे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करायचे. अशा वेळी वरिष्ठांच्या आठवणीतल्या बोलण्यापेक्षा तारखेसह असलेले कागद कामी येतात. दरवर्षीचे अप्रेझल, कौतुकाचे ईमेल, ज्या प्रशिक्षणाला नाव दिले आणि पाठवले गेले नाही त्याची नोंद. अप्रेझल बारा वर्षे उत्तम आणि नवा साहेब आल्यावर अचानक ‘अपेक्षेपेक्षा कमी’, ही उडी कागदावरच दिसते. हे कागद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवून उपयोग नाही. लॉगिन बंद होते त्याच दिवशी तेही जातात. गोपनीय माहितीला हात न लावता, नियमात बसेल तेवढे आपले कागद वेळीच घरी ठेवावेत.

वयभेदाचे आजचे रूप बायोडेटाच्या चाळणीत आहे. अमेरिकेतल्या १२ शहरांत संशोधकांनी वय सोडून बाकी सारखेच असे ४०,००० हून अधिक अर्ज पाठवून पाहिले. वयस्क अर्जदारांना, त्यातही बायकांना, कमी बोलावणी आली. समोर बसून अनुभव पटवून देण्याची पाळी येण्याआधीच नाव गळलेले असते. फेसबुकने अमेरिकेत नोकरीच्या जाहिराती वय निवडून दाखवण्याची सोय २०१९ मध्ये दाव्यांच्या तडजोडीत बंद केली. तोवर पन्नाशीच्या माणसाला अशी जाहिरात दिसतच नसे आणि न दिसलेल्या जाहिरातीबद्दल तक्रार कोण करणार? आयट्यूटरग्रुप या कंपनीच्या प्रणालीत ५५ वरच्या स्त्रिया आणि ६० वरचे पुरुष आपोआप बाद होत. एका अर्जदाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा केला आणि मुलाखतीचे बोलावणे आले. प्रकरण २०२३ मध्ये ३,६५,००० डॉलरवर मिटले.

कनेक्टिकट राज्याने २०२१ पासून अर्जात जन्मतारीख आणि पदवीचे वर्ष विचारायला मनाई केली आहे. जिथे अशी मनाई नाही तिथेही बायोडेटावर पदवीचे साल लिहिलेच पाहिजे असे सहसा नसते. ते गाळणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. ओळखीतून अर्ज थेट माणसाच्या हातात पोहोचला तर चाळणी टळते, म्हणून जुने सहकारी नोकरी असतानाच धरून ठेवावेत.

भरतीचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या वर्कडे या कंपनीविरुद्धच्या दाव्यात २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने चाळिशीपुढच्या अर्जदारांना एकत्र येऊन दावा लढवण्याची प्राथमिक परवानगी दिली. चाळणी लावणारा जबाबदार की चाळणी बनवणारा, हा त्यातला प्रश्न आहे. दावा करणाऱ्याच्या तक्रारीत एक बारीक तपशील आहे: अर्ज मध्यरात्रीनंतर केला आणि नकार तासाभराच्या आत आला, म्हणजे कुणी जागे राहून तो वाचला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. अशी वेळ न्यायालयापुढे मांडायची तर ईमेल जपून ठेवलेले हवेत.