सरकीच्या तेलातील बीटी

फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने बीटी वांग्याला, म्हणजे एका जिवाणूचे कीडरोधक जनुक घातलेल्या वांग्याला, स्थगिती दिल्यापासून, आपल्या ताटात जनुकीय बदल केलेले काहीही येत नाही, असा समज रूढ झाला आहे. तो खरा नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस आज देशातील बहुतांश कापूसक्षेत्रावर घेतला जातो. त्याच्या सरकीचे तेल खाण्यात येते आणि पेंड दुभत्या जनावरांना घातली जाते.

या कापसात ‘बॅसिलस थुरिंजेन्सिस’ या मातीतील जिवाणूचे जनुक असल्याने झाडाच्या पेशी ‘क्राय१एसी’ हे प्रथिन तयार करतात. बोंडअळीने बोंड कुरतडले की ते तिच्या मध्यांत्रात पोहोचते. तेथील पाचकरस तीव्र आम्लारी असतो. त्यात प्रथिन विरघळते, अळीचीच विकरे त्याचा काही भाग छाटतात आणि उरलेला तुकडा आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहींना (पेशींवरील जोडणीच्या जागांना) चिकटतो. असे अनेक तुकडे एकत्र येऊन पेशीपटलाला छिद्रे पाडतात, पाणी आत शिरून पेशी फुटतात, अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात हे प्रथिन लवकर पचते, शिवाय आपल्या आतड्यात ते ग्राही नसतात. ‘बीटीचे जनुक शरीरात शिरते’ असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी मेथीच्या जुडीतही हजारो जनुके असतात, हे लक्षात घ्यावे.

अर्थात, प्रत्येक बदल निर्धोक असतोच असे नाही. सावकाश पचणाऱ्या ‘क्राय९सी’ प्रथिनामुळे ॲलर्जीची शंका असल्याने अमेरिकेत केवळ पशुखाद्यासाठी मंजूर झालेला मका २००० मध्ये माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला होता. आपल्याकडचा धोका ताटापेक्षा शेतात अधिक दिसला: अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून लावायच्या बिगर-बीटी बियाण्याच्या आश्रय ओळी टाळल्या गेल्या, फरदड घेतली गेली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवले गेले, आणि गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. ‘फवारणी विसरा’ ही जाहिरातबाजी महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना २०१७ मध्ये महागात पडली.

पदार्थात जनुकीय बदल केलेले पीक आहे हे सांगणाऱ्या लेबलचा प्रश्न सरकीच्या तेलापाशी खरा अवघड होतो. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ उरतच नाहीत. त्यामुळे अमेरिकी नियमात, बदललेला डीएनए सापडत नसल्यास अशा तेलावर सक्तीचे लेबल लागत नाही. युरोपात मात्र मूळ पीक जनुकीय बदल केलेले होते का, यावरून ते लावावे लागते. मला युरोपची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण ग्राहकाचा प्रश्न पिकाविषयीही असतो. आपल्याकडे ती आणायची तर जिनिंगपासून (कापसातून सरकी वेगळी करण्यापासून) तेलगिरणीपर्यंत सरकीच्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी लागेल. बाटलीतील तेल तपासून हे कळणार नाही.