ओपिऑइड वेदनाशामक आणि लघवीच्या ताब्याची गोळी: दोन्ही चालू असतील तर

शस्त्रक्रियेनंतर, मणक्याच्या दुखण्यात किंवा कर्करोगाच्या वेदनेत ओपिऑइड गटातलं (अफूसारखं काम करणारं, तीव्र वेदनाशामक) औषध दिलं जातं. त्याच माणसाला बरेचदा आधीपासून लघवीची घाई आवरणारी गोळी चालू असते. एक औषध हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, दुसरं मूत्ररोगतज्ज्ञांनी, आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणीच पाहिलेल्या नसतात. आमच्या औषध दुकानाचं हे पत्रक अशा घरांसाठी आहे.

आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, ती पाहा. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फीन ही ओपिऑइड औषधं. ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून घेतली जाणारी गोळीही कित्येकदा ट्रॅमाडॉल ३७.५ मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. यांचं मिश्रण असते. खोकल्याच्या काही सिरपांमध्ये कोडीन असतं.

लघवीच्या ताब्यासाठीची औषधं दोन जातींची. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम, फेसोटेरोडीन ही अँटिकोलिनर्जिक. ती मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाचा निरोप पोचू देत नाहीत. मिराबेग्रॉन आणि व्हायबेग्रॉन वेगळ्या वाटेने तोच स्नायू सैल करतात. आपली गोळी यांतली कोणती, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

गळती वाढली म्हणजे गोळी कमी पडली, असं धरू नका

या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

अँटिकोलिनर्जिक औषध मूत्राशयाचा जोर कमी करतं. ओपिऑइडही तो जोर कमी करतं, शिवाय मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट करतं आणि लघवीच्या वाटेवरचा झडपेसारखा स्नायू आवळतं. दोन्ही मिळून लघवी तुंबू लागते. तुंबलेलं मूत्राशय काठोकाठ भरलं की वरचेवर थेंब थेंब बाहेर येतं. घरच्यांना दिसतात ते ओले कपडे. मग ‘ताबा सुटतोय’ म्हणून गोळीचा डोस वाढवला जातो आणि मूत्राशय रिकामं होणं आणखी अवघड होतं.

फरक ओळखता येतो. घाईच्या गळतीत आधी जोराची, अचानक कळ येते आणि लघवी करून आल्यावर मोकळं वाटतं. तुंबलेल्या मूत्राशयात कळ धडपणे येत नाही, धार बारीक पडते, कुंथावं लागतं, लघवी करूनही ओटीपोट जड राहतं आणि अर्ध्या तासात पुन्हा जावंसं वाटतं. शंका असेल तर मोजून पाहा. खुणा असलेलं प्लास्टिकचं मापपात्र केवळ यासाठी वेगळं ठेवा आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी वेळेसह लिहा. प्रत्येक खेपेला ५०–६० मि.ली.च येत असेल आणि पोट मात्र जड असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी केल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली हे मोजता येतं. साधारण ५० मि.ली.पेक्षा कमी उरणं ठीक, २०० मि.ली.च्या वर उरत असेल तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

प्रोस्टेट वाढलेले पुरुष, जुना मधुमेह असलेले आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतले रुग्ण यांना हा धोका जास्त. वयस्कर माणूस अचानक बेचैन झाला, असंबद्ध बोलू लागला तर त्यामागेही तुंबलेली लघवी असू शकते. त्यांना पोट दुखतंय हे सांगता येतंच असं नाही.

पोट साफ ठेवणं हा याच उपचाराचा भाग

ओपिऑइडमुळे होणारी मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, कारण शरीराला सवय होते. बद्धकोष्ठतेची सवय होत नाही. औषध चालू आहे तोवर ती राहते. अँटिकोलिनर्जिक गोळी आतड्याची हालचाल आणखी मंदावते. शिवाय मलाने भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाब देतं, त्यामुळे लघवीची घाईही वाढते आणि लघवी अडतेही.

म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवं. त्रास सुरू होईपर्यंत थांबू नये. ओपिऑइडच्या बद्धकोष्ठतेला आतड्याला चालना देणारं रेचक लागतं: सोनामुखी किंवा बिसाकोडिल. बिसाकोडिल ५ ते १० मि.ग्रॅ. रात्री घेतलं की ६ ते १२ तासांत काम करतं. त्याच्या जोडीला मल मऊ ठेवणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. नुसत्या इसबगोलावर भिस्त ठेवू नका. इसबगोल फुगून मल वाढवतो, पण तो पुढे ढकलणारं आतडंच सुस्तावलेलं असतं. पाणी कमी पडलं तर गोळा अडकून बसतो. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तीन दिवस शौचाला झालं नाही, पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या किंवा वायूही सरेना, तर रेचकाचा आणखी एक डोस घेऊ नका. आतडं बंद पडलेलं असू शकतं. थेट रुग्णालयात जा.

मिराबेग्रॉनची गोष्ट वेगळी

अँटिकोलिनर्जिक गोळ्यांच्या मानाने मिराबेग्रॉनने तोंड कोरडं पडण्याचा आणि बद्धकोष्ठतेचा त्रास कमी होतो, म्हणून ओपिऑइड चालू असताना अनेक डॉक्टर ते पसंत करतात. त्यात एक मेख आहे. कोडीन जसंच्या तसं फारसं दुखणं थांबवत नाही. यकृतातलं सीवायपी २डी६ नावाचं एन्झाइम त्यातून मॉर्फीन तयार करतं. ट्रॅमाडॉललाही अधिक परिणामकारक रूप याच एन्झाइममुळे मिळतं. मिराबेग्रॉन हे एन्झाइम दाबतं. मग ‘गोळी घेऊनही दुखतंय’ अशी तक्रार येते आणि माणूस स्वतःच एक जास्तीची गोळी घेतो. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत हे धोक्याचं आहे, कारण रूप न बदललेलं ट्रॅमाडॉल शरीरात साठतं आणि त्याने फिट येण्याचा व सेरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका वाढतो. नैराश्याच्या गोळ्याही चालू असतील तर अधिकच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मिराबेग्रॉन बंद केल्यावर एन्झाइम पूर्ववत व्हायला सुमारे १५ दिवस लागतात. त्या काळात कोडीनचा तोच डोस हळूहळू जास्त लागू पडतो आणि गुंगी वाढू शकते. डॅरिफेनासिनही हेच एन्झाइम दाबतं आणि वर अँटिकोलिनर्जिकही आहे, म्हणजे त्रास दोन्हीकडून. मॉर्फीन, टॅपेंटाडॉल, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फीन यांना काम करायला या एन्झाइमची गरज लागत नाही. व्हायबेग्रॉन ते दाबत नाही. औषध बदलायचं झालं तर डॉक्टरांशी बोलायला हे मुद्दे उपयोगी पडतील.

वेळा लांब ठेवून भागत नाही

‘एक सकाळी, एक रात्री घेतली तर चालेल ना?’ हा काउंटरवरचा नेहमीचा प्रश्न. नाही, त्याने फारसा फरक पडत नाही. सॉलिफेनासिन निम्म्यावर यायलाच साधारण दोन ते तीन दिवस लागतात, म्हणजे बंद केल्यावरही त्याचा परिणाम आठवडाभर रेंगाळतो. दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्या चोवीस तास अंगात असतातच. अशी गोळी फोडू, चावू किंवा कुटू नका. दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं.

पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) वापरणाऱ्यांनी विशेष जपावं. फेंटानिलचा पॅच सहसा ७२ तासांनी बदलतात, ब्युप्रेनॉर्फीनचा काही प्रकारांत ७ दिवसांनी, आणि ऑक्सिब्युटिनिनचा आठवड्यातून दोनदा. वेगवेगळ्या वेळापत्रकांचे दोन पॅच अंगावर असले की गल्लत होते. कॅलेंडरवर प्रत्येकाचा दिवस वेगळ्या शाईने लिहा, नवा लावण्याआधी जुना काढल्याची खात्री करा. फेंटानिलच्या पॅचवर शेकायची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

ॲलर्जीची झोप आणणारी गोळी, पोटात कळ आली म्हणून घेतलेलं डायसायक्लोमीन, नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलीन यांतही अँटिकोलिनर्जिक गुण असतो. तिसरं असं औषध पडलं की तुंबणं, गुंगी आणि रात्री उठताना पडणं, तिन्हींची शक्यता वाढते.

ताबडतोब रुग्णालय

६ ते ८ तास लघवी नाही आणि ओटीपोट दुखतंय, तर त्याच दिवशी कॅथेटर (लघवी काढायची नळी) लागू शकतो. रात्र काढू नका. हलवून जाग येत नाही, श्वास मंद आहे, ओठ निळसर दिसतात, तर रुग्णवाहिका बोलवा. ओपिऑइड जास्त झालं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, पण अँटिकोलिनर्जिक चालू असेल तर तसं दिसेलच असं नाही. बाहुल्यांवर विसंबू नका, श्वास मोजा.

एरवी त्रास होतोय म्हणून ओपिऑइड स्वतःहून एकदम बंद करू नका. काही आठवडे घेतलं असेल तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. लघवीच्या ताब्याची गोळी थांबवणं तुलनेने सोपं असतं, म्हणून डॉक्टर बहुधा आधी तिचाच विचार करतात. दुकानात येताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप, पॅचची रिकामी पाकिटं, खोकल्याची बाटली आणि लघवीच्या नोंदीचा कागद एका पिशवीत आणा. आम्ही नावं तपासून, अडचण दिसल्यास दोन्ही डॉक्टरांना दाखवायला एक यादी लिहून देतो.