गाठ काढल्यानंतरचा पहिला तास

‘इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा, ग्रेड २.’ खाली सही, शिक्का, तारीख. स्तनातली गाठ काढून तपासायला दिली की छोट्या शहरांत आणि तालुक्याच्या गावी अजूनही कधीकधी एवढाच अहवाल हातात पडतो. कर्करोग आहे, हे त्यातून कळतं. पण गाठ किती सेंटिमीटरची होती, कापलेल्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी पोचल्या होत्या का, काखेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी कितींत रोग सापडला, ईआर, पीआर आणि हर-टू या गाठीतल्या तीन प्रथिनांच्या चाचण्या काय आल्या, यातलं काहीच त्यात नसतं. पुढचे उपचार मात्र नेमके याच गोष्टींवर ठरतात.

ग्लोबोकॅन या जागतिक प्रकल्पाच्या अंदाजानुसार भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावल्या. औषधं, यंत्रं, रेडिएशनच्या तारखा यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पॅथॉलॉजीच्या अहवालाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

काखेतल्या ग्रंथींचंच घ्या. दवाखान्यात सगळे त्यांना ‘नोड’ म्हणतात. ‘नोड निगेटिव्ह’ वाचून घरच्यांना हायसं वाटतं. पण तीन नोड तपासून तिन्ही स्वच्छ निघणं वेगळं आणि पंधरा तपासून पंधराही स्वच्छ निघणं वेगळं. काखेतले नोड पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर निदान दहा तरी सापडावेत अशी अपेक्षा असते. रोग एक ते तीन नोडमध्ये आहे, चार ते नऊंमध्ये आहे की दहा किंवा अधिक, यावर टप्पा बदलतो. हे नोड चरबीच्या गोळ्यातून बोटांनी चाचपून, एकेक करून शोधावे लागतात. कामाच्या रेट्यात तिथं घाई झाली, तर राहून गेलेल्या नोडचा अहवालात मागमूसही नसतो.

ग्रेडची, म्हणजे पेशी निरोगी पेशींहून किती बिघडल्या आहेत याच्या मापाची, गोष्ट आणखी बारीक आहे. नॉटिंगहॅम पद्धतीत तीन बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात: पेशी नलिका किती प्रमाणात तयार करतात, त्यांची केंद्रकं किती बेढब झाली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत दिसतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर २, ८ किंवा ९ आली तर ३. विभाजन पावणाऱ्या पेशी मोजताना सूक्ष्मदर्शकाखाली दहा क्षेत्रं, म्हणजे एका वेळी दिसणारे दहा गोल भाग, पाहतात. पण सूक्ष्मदर्शकागणिक क्षेत्राचा व्यास वेगळा असतो. व्यास ०.४० मिलिमीटर असेल तर दहा विभाजनांना ३ गुण मिळतात, ०.५० असेल तर २ आणि ०.६० असेल तर १. गाठ तीच, मोजणी तीच, तरी गुण तीन तऱ्हेचे. आपल्या सूक्ष्मदर्शकाचा व्यास एकदा मोजून त्याचा तक्ता टेबलासमोर चिकटवायला काहीही खर्च येत नाही. ज्या प्रयोगशाळेनं हे केलेलं नाही, तिच्या ग्रेडवर मी तरी सहज विश्वास ठेवणार नाही.

आता ईआर. हा पेशीतला इस्ट्रोजेनचा ग्राहक, म्हणजे त्या स्त्री-संप्रेरकाला पकडणारं प्रथिन (रिसेप्टर). एक टक्का पेशींत जरी तो दिसला, तरी गाठ ईआर पॉझिटिव्ह मानतात; एक ते दहा टक्क्यांच्या गाठींची ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी नोंद करायची असते. पॉझिटिव्ह गाठीवर टॅमॉक्सिफेन लागू पडतं. ही गोळी काही रुपयांत मिळते. पाच वर्षं नेमानं घेतली तर अशा रुग्णांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठच्या बाईला घरी राहून, मजुरी न बुडवता घेता येईल असं कर्करोगावरचं दुसरं औषध क्वचितच सापडेल. म्हणून चुकून आलेला ‘ईआर निगेटिव्ह’ हा मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. तिच्या हातातली गोळीच तो काढून घेतो आणि तिला ते कधी कळतही नाही.

ही चूक बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकापाशी होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होते. कळवणहून आलेल्या एखाद्या बाईचं ऑपरेशन नाशकातल्या छोट्या दवाखान्यात दुपारी होतं असं धरू. स्तनाचा काढलेला भाग ट्रेमध्ये तसाच राहतो. नातेवाइकांना दाखवला जातो, मग बरणीत जातो. बरणी लहान, ऊती टिकवणारं द्रावण, म्हणजे फॉर्मालिन, तो भाग कसाबसा बुडेल एवढंच. तेही कित्येकदा नळाचं पाणी घालून पातळ केलेलं. शनिवार असेल तर बरणी सोमवारी हलते, दिवाळी असेल तर आणखी उशिरा.

रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच विकरांनी कुजू लागतात, आणि उन्हाळ्यात हे आणखी वेगानं होतं. ईआरची प्रथिनं नासतात. विभाजनात असलेल्या पेशी ओळखू येईनाशा होतात, त्यामुळे ग्रेडही आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. फॉर्मालिन ही नासाडी थांबवतं, पण ते ऊतीत ताशी साधारण एक मिलिमीटर एवढंच शिरतं आणि खोल जावं तसं आणखी मंदावतं. अख्खी कैरी मिठात टाकली तर साल खारते आणि कोयीजवळचा गर कच्चाच राहतो; न चिरलेल्या गाठीचं तेच होतं. म्हणून गाठ काढल्यावर तासाभराच्या आत ती पाच ते दहा मिलिमीटर जाडीचे काप देऊन फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मालिन ऊतीच्या निदान दहापट हवं, फॉस्फेटचे क्षार घालून उदासीन केलेलं हवं. त्यात ऊती सहा तासांहून कमी नको आणि बहात्तर तासांहून जास्त नको. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून घालून दिलेले हे निकष आहेत. त्यांत महागडं असं काय आहे? मोठी बरणी, योग्य द्रावण, सुरी आणि घड्याळ. काप देताना कडांची ओळख पुसली जाऊ नये, म्हणून ते कसे द्यायचे हे सर्जननं पॅथॉलॉजिस्टशी आधी ठरवून घ्यावं लागतं, एवढंच.

हा फक्त गरीब ठिकाणांचा प्रश्न आहे असंही नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९९७ ते २००५ या काळातल्या ईआर चाचण्या पुन्हा करून पाहिल्या, तेव्हा चारशेच्या आसपास स्त्रियांचे निकाल चुकलेले निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या आयोगानं २००९ मध्ये त्यावर अहवाल दिला. चुका इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आल्या नाहीत, याचं कारण तपासणीवर तपासणी नव्हती.

अशी एक तपासणी प्रत्येक स्लाइडमध्ये, म्हणजे गाठीचा पातळ काप बसवलेल्या काचपट्टीत, फुकट मिळू शकते. ईआर चाचणीत तो ग्राहक असलेल्या पेशी रंगतात. गाठीच्या शेजारी स्तनाच्या निरोगी नलिका असतात आणि त्यांतल्या काही पेशी ईआरसाठी रंगायलाच हव्यात. गाठ रंगली नाही आणि शेजारच्या नलिकाही कोऱ्या राहिल्या, तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नाही. चाचणीच फसली आहे. ‘निरोगी नलिका रंगल्या’ हे अहवालात लिहायला अर्धी ओळ पुरते.

माझं मत विचाराल तर नाशिकसारख्या ठिकाणी सगळ्यात मोठा फरक ऑपरेशनआधीच्या कोअर बायोप्सीनं पडेल. जाड सुईनं काढलेले सुतळीसारखे तुकडे लगेच डबीत जातात, फॉर्मालिन त्यांच्यात झटकन मुरतं आणि ईआर, पीआर, हर-टू भरवशाचे येतात. आधी गाठ काढून टाकायची आणि मग काय ते पाहायचं, ही पद्धत आता सोडायला हवी. हर-टू २+, म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही असा, आला तर त्याचं जनुक तपासणारी फिश चाचणी लागते. तिला काही हजार रुपये पडतात आणि तिथं बऱ्याच जणी थांबतात. त्यासाठी मदत कुठून मिळेल ते दवाखान्यातच सांगितलं गेलं पाहिजे.

दुसरा उपाय ठरावीक नमुन्याचा अहवाल. आयसीसीआर (इंटरनॅशनल कोलॅबरेशन ऑन कॅन्सर रिपोर्टिंग) ही आंतरराष्ट्रीय संस्था असे नमुने मोफत देते. आकार, ग्रेडचे तिन्ही गुण, कडा, नोडची संख्या अशी प्रत्येक बाब रकान्यात भरावी लागते आणि रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असा एकच मराठी-इंग्रजी नमुना त्यांनी रुजवला, तर इथून शिकून जाणारा प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट त्याच सवयीनं लिहील. अहवालाच्या त्या नमुन्यात दोन वेळांची नोंदही हवी: गाठ शरीरातून निघाली ती आणि फॉर्मालिनमध्ये गेली ती.

घरच्यांसाठी एक. मुंबईत टाटा रुग्णालयात गेलात की अहवालाबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्यातून वर्षांनंतरही नवे काप घेऊन चाचणी पुन्हा करता येते. सुरुवातीलाच नासलेली ऊती मात्र त्यानं सुधारत नाही. प्रयोगशाळेकडून ब्लॉक मागून घ्या, त्यावरचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. ते मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा मे महिन्यात मालेगावहून किंवा मनमाडहून निघाल्यावर ते पाकीट उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पिशवीत, सावलीत, आपल्याजवळ ठेवा.