सिगारेटबंदीचा कायदा रामदास यांनी आणला? नाही हो!

दर 2 ऑक्टोबरला तोच मेसेज फिरतो, की 2008 साली आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी संसदेत सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढण्यावर बंदीचा कायदा पास करून घेतला. अर्धंच खरंय. कायदा म्हणजे कोटपा (सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवरचा केंद्राचा कायदा), तो 2003 चा, तेव्हा वाजपेयींचं सरकार आणि आरोग्यमंत्री सुषमा स्वराज, आणि बंदी त्याच्या कलम 4 मध्ये आधीपासूनच होती, दंड 200 रुपयांपर्यंत. 2008 ला नवा कायदा वगैरे काही झाला नाही, सरकारने त्याच कायद्याखाली नवे नियम काढले. पण म्हणून रामदासांचं श्रेय शून्य असंही नाही हं, कारण खरी धार या नियमांनीच आली. कामाची ठिकाणं, मॉल, सिनेमागृहं सगळं स्पष्टपणे आत घेतलं, मालक-मॅनेजरलाच जबाबदार धरलं, आणि दारावर किमान 60 बाय 30 सेंटीमीटरचा पांढरा बोर्ड, त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव. पुढच्या वेळी हॉटेलात गेलात की बघा तो बोर्ड, नावाची जागा कोरी तर नाही ना! आणि हो, 30 किंवा जास्त सीटच्या रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंग रूम ठेवायची सूटही त्याच नियमांत आहे, म्हणजे सरसकट बंदी हेही चूकच.