आपल्याच सीडीची प्रत: १९९९ च्या निकालाने नेमके काय ठरवले?

विकत घेतलेल्या सीडीतली गाणी संगणकावर उतरवायला मुभा आहे का, हा प्रश्न अमेरिकेत निघाला की १९९९ च्या अपील निकालाचा दाखला हमखास दिला जातो. प्रत्यक्षात तो खटला खिशात मावणाऱ्या एका एमपीथ्री प्लेअरवर होता.

त्याचे मूळ १९९२ च्या कायद्यात आहे. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर खेपेला खरखर वाढायची. डिजिटल टेपवर दहावी प्रतही पहिलीसारखीच निघू लागली आणि ध्वनिमुद्रण कंपन्या धास्तावल्या. तडजोड अशी झाली: डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या टेप-डिस्कवर ३ टक्के रॉयल्टी, ती उत्पादकाने वा आयातदाराने भरायची, बदल्यात घरगुती प्रतीसाठी ग्राहकावर दावा नाही. शिवाय रेकॉर्डरमध्ये प्रतीची प्रत रोखणारी यंत्रणा सक्तीची. तिच्यात गाण्याला कुलूप नसते. सिग्नलसोबत काही खुणेचे बिट जातात. मूळ डिस्कवरून प्रत निघते, पण तिच्यावर खूण बसते आणि खूण दिसली की पुढचे यंत्र मुद्रण नाकारते. यात भरडले गेले ते हौशी वादक. माइकवरून केलेल्या स्वतःच्या मुद्रणाची एक डिजिटल प्रत निघायची, त्या प्रतीची पुढची नाही.

संगणक या तडजोडीबाहेर राहिला. घरगुती सीडी रेकॉर्डरला रॉयल्टी भरलेली ‘म्युझिक’ डिस्कच लागे; संगणकाच्या ड्राइव्हला साधी डेटा डिस्क चाले.

मग १९९८ मध्ये हा प्लेअर आला: ३२ एमबी मेमरी, जेमतेम तासभर संगीत. कंपन्यांनी विक्रीवर मनाई मागितली. ती मिळाली नाही. अपील न्यायालयाचा तर्क व्याख्येवर उभा होता. कायद्याच्या लेखी ‘डिजिटल संगीत मुद्रण’ म्हणजे ज्यात फक्त ध्वनी आणि त्याला आनुषंगिक मजकूर आहे अशी वस्तू. हार्ड डिस्कवर प्रोग्रॅमही असतात, म्हणून ती त्यात बसत नाही. आणि तिच्यावरून गाणी घेणारा प्लेअर हा कायद्यातला रेकॉर्डर ठरत नाही. रॉयल्टी नाही, खुणेची यंत्रणाही नाही. आपल्याकडची गाणी सोबत नेता यावीत म्हणून केलेली प्रत हा कायद्याच्या हेतूशी सुसंगत असा खासगी वापर आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. लोकांनी लक्षात ठेवले ते हेच वाक्य.

अडचण अशी की ग्राहकाला दाव्यापासून वाचवणारे कलमही त्याच व्याख्यांना बांधलेले आहे. संगणक रेकॉर्डर नसेल, तर त्यावरच्या प्रतीला त्या कलमाचा आधार कसा मिळणार? उरतो तो ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय केलेला वापरही रास्त होता असा, बचाव. तोही ज्याने त्याने आपल्यासाठी मांडायचा. २००० मध्ये एका संकेतस्थळाने ग्राहकाकडे सीडी असल्याची खातरजमा करून, स्वतः विकत घेतलेल्या सीडींच्या प्रतींमधून गाणी ऐकवली. न्यायालयाने तो बचाव फेटाळला. पुढे २००५ मध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाच्याच वकिलाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की विकत घेतलेली सीडी संगणकावर आणि तिथून प्लेअरवर घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. पण ते वकिलाचे निवेदन, निर्णय नव्हे.

ब्रिटनने खासगी प्रतीसाठी कायद्यात सरळ अपवादच केला, १ ऑक्टोबर २०१४ पासून. हक्कधारकांचे नुकसान नगण्य, म्हणून त्यांना भरपाई नको, ही सरकारची भूमिका न्यायालयात पुराव्याअभावी टिकली नाही आणि जुलै २०१५ मध्ये अपवाद रद्द झाला. मधल्या काळात काढलेल्या प्रतींचे काय, हे न्यायालयाने ठरवलेच नाही.