पुराणवस्तूच्या कारागिराचा वंशनोंदींतून शोध

जुन्या वस्तूवरचे नाव, आद्याक्षरे किंवा ठसा हाती धरून ती घडवणारी व्यक्ती नेमकी कोण होती, हे जन्म-मृत्यू, लग्न, उमेदवारी (उस्तादाकडे राहून धंदा शिकण्याचा काळ), जनगणना आणि मृत्युपत्रे यांच्या नोंदींवरून ठरवण्याची पद्धत. वस्तूंचे जाणकार लाकूड, सांधे आणि शैली पाहून काळ सांगतात. वंशावळ लावणारे कागदावरून माणूस शोधतात. दोन्ही वाटा एकाच उंबरठ्यावर पोचल्या, तरच कारागीर सापडला असे म्हणावे.

शोधाची सुरुवात वस्तूपासून होते आणि पहिली फसगतही तिथेच होते. इंग्लंडमधल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या उंच लंबकाच्या घड्याळांवर तबकडीवर ठळक नाव आणि गाव असते, पण ते पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. रंगवलेली तबकडी दुसऱ्याच कारखान्यातून यायची, यंत्र तिसऱ्याकडून, लाकडी पेटी स्थानिक सुताराकडून. तबकडी काढून मागच्या लोखंडी पट्टीवर पाहिले, तर कधीकधी तबकडी बनवणाऱ्याचे नाव ओतलेले सापडते. म्हणून कोणत्या भागाचा कारागीर शोधायचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

चांदीच्या वस्तूंबाबत काम पुष्कळ सोपे असते. लंडनमध्ये १४७८ पासून चांदीवर वर्षदर्शक अक्षर उमटवले जात आहे, शिवाय कारागिराचा स्वतःचा ठसा गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनार-चांदीकारांच्या संघाच्या कचेरीत, नोंदवलेला असतो. लंडनच्या बेटमन या चांदीकार घराण्याची भांडी याचे उत्तम उदाहरण. जॉन बेटमन १७६० मध्ये वारला आणि मृत्युपत्रात अवजारे पत्नीच्या नावे करून गेला. पुढच्याच वर्षी त्या पत्नीने, हेस्टर बेटमनने, स्वतःचा ‘एचबी’ हा ठसा नोंदवला. ती १७९० मध्ये निवृत्त झाल्यावर पीटर आणि जोनाथन या मुलांचा जोडठसा आला: वर ‘पीबी’, खाली ‘आयबी’, कारण त्या काळी जे हे अक्षर आय असे कोरत. जोनाथन १७९१ मध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याची विधवा अ‍ॅन दिराच्या जोडीने ठशावर आली. त्यामुळे ‘पीबी–आयबी’ हा ठसा जेमतेम काही महिन्यांचा आहे. चमच्याच्या दांड्यावरच्या त्या चार अक्षरांचा एवढा नेमका काळ सांगता येतो, तो घरातल्या एका मृत्यूच्या नोंदीमुळे. विधवांनी चालवलेली दुकाने तेव्हा अपवाद नव्हती. नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या तारखेची वस्तू दिसली की ती बनावट ठरवण्याआधी विधवेचे नाव शोधायला हवे.

इंग्लंडपुरते बोलायचे, तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात आणि जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ पासून. जनगणनेत माणसांची नावे मिळतात ती १८४१ पासून. मात्र त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे ‘३५’ म्हणजे ३५ ते ३९ यांपैकी काहीही. १८५१ पासून जन्माचे गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिले जाऊ लागले आणि एकाच छपराखालचे उस्ताद, मुलगा आणि शिकाऊ उमेदवार ओळखू येऊ लागले. त्याआधीच्या काळासाठी उमेदवारीवरच्या कराच्या १७१० ते १८११ या काळातल्या वह्या फार मोलाच्या आहेत. त्यांत उस्तादाचे नाव, धंदा, गाव आणि उमेदवाराचे नाव मिळते. सुरुवातीच्या दशकांत बहुधा बापाचेही. पण कर होता तो शिकवणीच्या रकमेवर. बापाने मुलाला घरीच, पैसे न घेता शिकवले, तर नोंद होण्याचे कारणच नव्हते. धंदा पिढीजात असलेल्या घरांचा माग नेमका इथेच तुटतो.

तारखांचाही एक सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७२० ची म्हणून लिहिलेली नोंद आपल्या हिशेबाने १७२१ ची असते.

खरी अडचण मात्र सारख्या नावांची. आजोबांचे नाव नातवाला आणि बापाचे मुलाला ठेवण्याची रीत असल्याने एका गावात एकाच नावाचे तीन घड्याळजी सापडू शकतात. अशा वेळी आवडलेल्या पहिल्या नोंदीवर थांबू नये. त्या नावाची सगळी माणसे मांडावी आणि प्रत्येकाचा जन्म, उमेदवारी संपल्याचे वर्ष आणि मृत्यू वस्तूच्या काळाशी ताडून एकेकाला बाद करत जावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. घराण्यात ऐकीव चालत आलेली ‘हे पणजोबांनी केले’ ही आठवणही याच कसोटीला लावावी. पणजोबांनी ती वस्तू नुसती विकतही घेतलेली असू शकते.

पॅरिसमध्ये नातेसंबंध आणखी उपयोगी पडतात. तिथे अठराव्या शतकाच्या मध्यापासून १७९१ पर्यंत फर्निचरवर उस्तादाचा, म्हणजे कारागीर-संघाने मान्यता दिलेल्या कारागिराचा, ठसा सक्तीचा होता. फर्निचर घडवणारा झां-फ्रांस्वा एबेन १७६३ मध्ये वारला. त्याच्या विधवेने कारखाना चालू ठेवला आणि तिथलाच कारागीर झां-आंरी रीझनेर याच्याशी पुढे लग्न केले. रीझनेर १७६८ मध्ये उस्ताद झाला. तोवर तिथून बाहेर पडणाऱ्या कामावर मृत एबेनचाच ठसा बसत होता. एबेनने १७६० मध्ये सुरू केलेल्या, फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या प्रसिद्ध मेजावरही १७६९ मध्ये सही झाली ती रीझनेरची. मार्तें कार्लें हा दुसरा नामवंत कारागीर एबेनचा मेहुणा. एका घराण्याची शैली दुसऱ्या ठशाखाली का दिसते, हे असे लग्नाच्या नोंदी सांगतात. पण १८७१ च्या आगीत पॅरिसच्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या, दोन्ही प्रतींसह, जळाल्या. पुढे त्यांतला काही भागच पुन्हा उभा करता आला. त्यामुळे तिथले अभ्यासक नोटरींच्या (करार-दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) दप्तरांतले विवाहकरार आणि मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या पाहतात. अशा यादीत कामाच्या बाकांची संख्या आणि अपुऱ्या राहिलेल्या वस्तूसुद्धा सापडतात.

इटलीतल्या क्रेमोनामध्ये पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांची यादी करत. त्या याद्यांत व्हायोलिन घडवणारा आंद्रेआ ग्वार्नेरी १६४१ पासून त्याच धंद्यातल्या निकोलो आमातीच्या घरी राहताना दिसतो, म्हणून तो आमातीचा शिष्य याबद्दल शंका उरत नाही. प्रसिद्ध व्हायोलिन-कारागीर अंतोनिओ स्त्रादिव्हारी मात्र त्या घराच्या याद्यांत कुठेच नाही, जरी त्याच्या १६६६ च्या एका व्हायोलिनवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीत तो स्वतःला आमातीचा शिष्य म्हणवतो. त्यामुळे तो आमातीकडे शिकला की नाही, हा वाद अजून चालू आहे. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंदही सापडलेली नाही. म्हातारपणी त्याने चिठ्ठ्यांवर स्वतःचे वय लिहिले. १७३६ च्या एका व्हायोलिनवर ‘९२ वर्षे’ असे आहे. त्याचे जन्मवर्ष १६४४ च्या सुमाराचे धरले जाते, ते मुख्यतः अशा चिठ्ठ्यांच्या आधारावर.